विभाजनाचा भाव: मायक्रोसॉफ्ट खटला आणि भागधारकांचा वाद

अमेरिकेचा न्याय विभाग आणि वीस राज्ये यांनी 18 मे 1998 रोजी मायक्रोसॉफ्ट या सॉफ्टवेअर कंपनीविरुद्ध दाखल केलेल्या खटल्याचा इतिहास बहुधा न्यायालयाच्या बाजूने लिहिला जातो. परंतु कंपनीचे समभाग बाळगणाऱ्यांमध्ये त्याच काळात जो वाद रंगला, त्याचा विषयच निराळा होता. 1890 च्या शर्मन कायद्यानुसार मक्तेदारी असणे बेकायदा नसून ती गैरमार्गाने मिळवणे किंवा टिकवणे बेकायदा ठरते, आणि इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर स्वतःच्या विंडोज या कार्यप्रणालीला जोडून देऊन नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरची वाट अडवणे हा असा गैरमार्ग होता काय, हे न्यायालयाला ठरवायचे होते. भागधारकांना मात्र दोषापेक्षा दोष सिद्ध झाल्यावर होणाऱ्या उपायाची चिंता होती, आणि तो उपाय म्हणजे कंपनीचे विभाजन असेल तर त्यात आपले नुकसान आहे की फायदा, यावर त्यांच्यात तीव्र मतभेद होते.

विभाजनाने फायदा होईल असे मानणाऱ्यांकडे भक्कम पूर्वदाखले होते. 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने स्टँडर्ड ऑइलच्या 34 कंपन्या झाल्या, तेव्हा जुन्या भागधारकांना प्रत्येक कंपनीत हिस्सा मिळाला आणि पुढील वर्षांत त्या समभागांचे भाव इतके वाढले की ज्याला धडा शिकवायचा होता, तो स्टँडर्ड ऑइलचा संस्थापक रॉकफेलर अधिकच श्रीमंत झाला. एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची स्थानिक सेवा 1 जानेवारी 1984 पासून सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली, तेव्हाही दर दहा समभागांमागे प्रत्येक नव्या कंपनीचा एक समभाग भागधारकाच्या हाती पडला. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, स्टँडर्ड ऑइल मुळातच अनेक उपकंपन्यांची जुळणी होती, तर मायक्रोसॉफ्टचे अभियंते, संहिता आणि विक्रीव्यवस्था एकाच संस्थेत गुंतलेली असल्याने तिला चिरण्यासाठी आयती शिवण नव्हती. हा आक्षेप अधिक वजनदार होता असे म्हणावे लागते, कारण पुढे अपील न्यायालयानेही नेमक्या याच भेदाकडे लक्ष वेधले.

न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी 5 नोव्हेंबर 1999 रोजी, शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर, वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष जाहीर केले. विंडोजसाठी हजारो प्रोग्राम उपलब्ध असल्याने ग्राहक तिलाच धरून राहतो आणि ग्राहक तिच्याकडे असल्याने प्रोग्राम लिहिणारेही तिच्यासाठीच लिहितात, या चक्रामुळे नव्या स्पर्धकापुढे उभ्या राहणाऱ्या अडथळ्याचे त्यांतील विवेचन आजही वाचावे इतके स्पष्ट आहे. निष्कर्ष कंपनीच्या पूर्ण विरोधात असूनही सोमवारी समभाग दोन टक्क्यांच्या आसपासच घसरला आणि डिसेंबरअखेर त्याने तोवरचा उच्चांक गाठला, कारण न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांच्या मध्यस्थीतून तडजोड होईल अशी बहुतेकांची अपेक्षा होती. 1 एप्रिल 2000 रोजी ती मध्यस्थी फसली आणि सोमवारी, 3 एप्रिलला, एकाच दिवसात समभागाचा भाव 14 टक्क्यांहून अधिक कोसळला; मायक्रोसॉफ्टने कायदा मोडल्याचा निर्णय त्याच दिवशी, पण बाजार बंद झाल्यावर आला. 7 जून रोजी जॅक्सन यांनी कार्यप्रणालीची एक आणि उर्वरित सॉफ्टवेअरची दुसरी, अशा दोन कंपन्या करण्याचा आदेश दिला.

या चढउतारांवरून अर्थशास्त्रज्ञांनीही निष्कर्ष काढले. जॉर्ज बिटलिंगमायर आणि थॉमस हॅझलेट यांनी 2000 मध्ये असा युक्तिवाद मांडला की, कारवाईमुळे स्पर्धा वाढणार असती तर कारवाईच्या बातमीने संगणक क्षेत्रातील इतर कंपन्यांचे समभाग वधारायला हवे होते, पण घडले ते उलटेच. हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही, मात्र त्याची मर्यादा मोठी आहे: बाजाराला केवळ अस्तित्वात असलेल्या, नोंदणीकृत कंपन्यांचाच भाव ठरवता येतो, तर मक्तेदारीने होणारी खरी हानी जन्मालाच न आलेल्या उत्पादनांची असते आणि त्यांचा समभाग कोणाजवळच नसतो. शिवाय त्याच वसंतात तंत्रज्ञान समभागांचा फुगा फुटत असल्याने घसरणीतील किती भाग खटल्याचा होता, हे वेगळे काढणे अवघड आहे.

28 जून 2001 रोजी अपील न्यायालयाने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा दोष एकमताने कायम ठेवला, विभाजनाचा आदेश रद्द केला आणि खटला सुरू असताना वार्ताहरांशी गुप्तपणे बोलल्याबद्दल जॅक्सन यांना प्रकरणातून दूर केले. त्या सप्टेंबरमध्ये न्याय विभागाने विभाजनाची मागणी सोडली, आणि नोव्हेंबर 2002 मध्ये न्यायाधीश कॉलीन कोलर-कोटेली यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने कंपनी अखंड राहिली. विभाजनात लाभ पाहणाऱ्यांचा दावा त्यामुळे कधी पारखलाच गेला नाही. अखंड कंपनीच्या समभागाला मात्र डिसेंबर 1999 चा भाव पुन्हा ओलांडायला ऑक्टोबर 2016 उजाडावा लागला.