शर्टाची कॉलर आणि मामाची मोटर

मागच्या वर्षी मामाच्या दुकानाची वेबसाइट मी केली. तिचं होस्टिंग येत्या गुरुवारी संपतंय आणि मामाने परवा फोनवर सरळ विचारलं, "काय रे, पैसे परत भरायचे का?" वर्षभरात त्या साइटवरून त्याला आलेले फोन किती? एक. तोही इन्शुरन्स विकणाऱ्याचा :)

मामाचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, तालुक्याच्या गावी. मी वर तीन फोटोंचा सरकता स्लायडर टाकला होता, त्याखाली 'आमच्याविषयी', मग 'आमचे ध्येय' (मामाचं ध्येय! मी स्वतःच रात्री दीडला लिहिलेलं) आणि अगदी तळाला फोन नंबर. थोडक्यात, मला जे जे करता येत होतं ते सगळं केलं. या वीकांताला जुनं काहीबाही वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं की ही चूक माझी एकट्याची नाही. वेबवरच्या दुकानांचा इतिहासच तिच्यापासून सुरू होतो म्हणा ना.

गोष्ट १९९५ ची, अमेरिकेतली. पॉल ग्रॅहम नावाचा माणूस. हार्वर्डची संगणकशास्त्रातली पीएचडी, आणि त्यानंतर चित्रकला शिकायला गेलेला. जोडीला रॉबर्ट मॉरिस. होय, १९८८ साली ज्याच्या 'वर्म'ने इंटरनेटचा बराच भाग आडवा केला होता तोच मॉरिस. दोघांनी आर्टिक्स नावाची कंपनी काढली. कल्पना अशी, की आर्ट गॅलऱ्यांना वेबसाइट बनवून द्यायच्या. ग्रॅहमने पानं तयार करणारं सॉफ्टवेअर लिहिलं, मॉरिसने चित्रं लहानमोठी करणारं. सगळं चालत होतं. फक्त गॅलऱ्यांनाच ते नको होतं! काहींनी फुकट करून घेतलं, पैसे मात्र एकीनेही दिले नाहीत. गॅलऱ्यांचा माल तसा विकलाच जात नाही, हे कारण ग्रॅहमने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. गिऱ्हाईक चित्र कसं विकत घेतं, हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता.

त्याच सुमारास वेबवर पहिली दुकानं दिसू लागली होती. ती बघून ग्रॅहमच्या लक्षात आलं, की ऑर्डरचं बटण सोडलं तर ही पानं आणि आपली गॅलरीची पानं सारखीच आहेत. मग तेच सॉफ्टवेअर दुकानांकडे वळवलं. वर दुकानदाराच्या मशीनवर काही बसवायलाच नको अशी सोय केली. सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालणार, दुकानदार ब्राउझरमधून क्लिक करत आपलं दुकान मांडणार. आज यात काहीच वाटत नाही, पण तेव्हा हे भलतंच होतं. हेच ते व्हायावेब. जानेवारी १९९६ मध्ये सुरू झालं तेव्हा दुकानं होती ६. वर्षाअखेर सुमारे ७०, त्याच्या पुढच्या वर्षाअखेर सुमारे ५००. छोट्या दुकानाला महिन्याला १०० डॉलर. जून १९९८ मध्ये याहूने ते साधारण ४.९ कोटी डॉलरच्या शेअर्सना विकत घेतलं. सगळा एडिटर लिस्पमध्ये लिहिलेला होता, यावर एक वेगळा लेख होईल, पण आवरतो.

मला खरा आवडलेला भाग वेगळाच आहे. सुरुवातीची काही दुकानं या लोकांनी स्वतः हाताने मांडून दिली. त्यात एक शर्टांचं दुकान होतं. तेव्हा वेबवरचे फोटो इवलेसे असत. एवढ्याशा चौकटीत अख्खा शर्ट दाखवला तर दिसतं काय? एक रंगीत ठिपका. त्यापेक्षा नुसती कॉलर जवळून दाखवा, म्हणजे कापड कळतं, शिलाई कळते. हे कळल्यावर ग्रॅहमला तीसेक शर्टांचे फोटो पुन्हा स्कॅन करावे लागले! हार्वर्डच्या पीएचडीला हे कुठल्या पुस्तकात मिळालं असतं?

दुसरी गंमत पैशांची. वेबवर दुकान म्हटलं की कार्डाचे पैसे तिथल्या तिथे कापले गेलेच पाहिजेत असं आपल्याला वाटतं. व्हायावेबने ते काम बराच काळ पुढे ढकललं. बहुतेक दुकानांना ऑर्डरीच इतक्या कमी येत, की फोनवर आलेल्या ऑर्डरीसारख्या त्या हातानेच निस्तरता येत. मी मात्र मामाच्या साइटवर 'ऑनलाइन बुकिंग'चा फॉर्म टाकला होता. मोटर कोण बुक करणार, ब्वॉ?

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहेच. 'स्किप इंट्रो' लिहिलेले फ्लॅशचे सिनेमे, हिट काउंटर, फिरते ईमेलचे चिन्ह... आणि फुकटातली घरं. १९९४ साली सुरू झालेलं जिओसिटीज याहूने १९९९ मध्ये घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. (जपानमधलं तेवढं २०१९ पर्यंत टिकलं.) गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून छोट्या दुकानांना मिळणाऱ्या फुकट साइट्स मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. हे वाचून मी गपचूप मामाचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते तपासलं. माझ्या! माझ्याच ईमेलवर. उद्या मी पासवर्ड विसरलो की मामाचं दुकान वेबवरून गायब.

असो. तर काल शनिवारी मी दुकानात जाऊन बसलो, वही घेऊन. सकाळपासून चार वाजेपर्यंत मामाला अकरा फोन आले. सातजणांचा पहिला प्रश्न एकच, "मोटर आज टाकली तर भरून कधी मिळंल?" ऊस वाळत असतो, आठवड्यातली विजेची पाळी चुकणार असते, माणूस घायकुतीला आलेला असतो. दोघांनी दर विचारला. आणि पाणबुडी मोटर घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मामाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तार तांब्याचीच घालतासा न्हवं?" मागे कुठेतरी त्याला ॲल्युमिनियमची तार घालून दिली होती म्हणे.

मला एकदम ती कॉलर आठवली. मामाला म्हटलं, "ती आत्ता भरलेली मोटर जरा उजेडात घे." तांब्याच्या तारांचे एकसारखे वेढे, त्यावर पांढऱ्या दोऱ्याची बांधणी. जवळून फोटो काढले. मामा म्हणाला, "अरे, दुकानाचा काढ की, नवीन बोर्ड लावलाय!"

स्लायडर रात्रीच काढला. वर आता फोन नंबर आहे, त्याखाली 'तीन एचपीपर्यंत दोन दिवस, त्यावर तीन' आणि मग तांब्याचा फोटो. दोन आणि तीन हे आकडे मामाने बराच वेळ विचार करून सांगितले, लिहिल्यावर पाळावे लागतील म्हणून. डोमेन त्याच्या नावावर करायचा अर्ज भरलाय. होस्टिंगचे या वर्षीचे पैसे मीच भरतोय, मामाला सांगितलेलं नाही. बोर्डाचा फोटो तळाला टाकलाय, नाहीतर पुढच्या खेपेला जेवायला मिळायचं नाही.