अवजार बदलणारा सांधा

बैलांच्या शेतीत बैलजोडी एकच असली तरी औते अनेक लागतात. नांगरणीला नांगर, मग वखर, पेरणीला तिफण आणि पीक वर आले की कोळपे. औत बदलायला शेतकऱ्याला वेळ लागत नाही, कारण प्रत्येक औताची दांडी शेवटी जुवालाच दोराने बांधायची असते. ट्रॅक्टर आला तेव्हा ही सोय सुरुवातीला हरवली होती. ती परत कशी मिळाली, याचा इतिहास इंजिनाच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे, असे आम्हांला वाटते. पाठ्यपुस्तकांत मात्र तो सहसा येत नाही.

या इतिहासाचा पहिला भाग ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूस घडला. सुरुवातीच्या ट्रॅक्टरला नांगर नुसता ओढायला जोडलेला असे. फाळ खडकाला अडला, की पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटण्याचा धोका होता. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन यांनी यावर तीन दांड्यांची जोडणी शोधली. खालच्या दोन दांड्या नांगर ओढतात. नांगर पुढे कलू लागला, की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि पुढची चाके जमिनीवर दाबली जातात. १९३९ मध्ये अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ‘९ एन’ ट्रॅक्टरवर ही जोडणी आली. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांच्या मागेही आज हीच तीन टोके दिसतात.

पुढची बाजू

ट्रॅक्टरच्या पुढे मात्र वेगळी कामे असतात. माती किंवा शेणखत उचलणे, गवताचे भारे हलवणे, बर्फ सारणे. त्यासाठी दोन लोखंडी बाहू आणि त्यांच्या टोकाला बकेट बसवतात. ही बकेट बाहूंना जाडजूड पिनांनी जोडलेली असे. ती काढून काटे बसवायचे, तर हातोड्याने पिना ठोकून काढायच्या, जड अवजार हलवून भोकासमोर भोक आणायचे आणि पुन्हा पिना ठोकायच्या. एकट्या माणसाला हे काम अवघड, शिवाय बोटे चेंगरण्याची भीती. त्यामुळे शेतकरी बहुधा बकेट बदलायचीच टाळत, आणि यंत्र एकाच कामाचे होऊन बसे.

यावरचा उपाय एका वेगळ्याच यंत्रातून आला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचे लहान गाव आहे. तेथे सिरिल आणि लुई केलर या भावांचे वेल्डिंग व दुरुस्तीचे दुकान होते. १९५६ मध्ये एडी व्हेलो या टर्कीपालकाने त्यांच्याकडे एक अडचण मांडली. टर्की हा कोंबडीसारखाच पण बराच मोठा पक्षी. त्यांच्या कोठाराला दोन मजले होते आणि आत खांब होते. तेथली विष्ठा माणसांनी हाताने काढावी लागे. मोठा ट्रॅक्टर खांबांमधून वळत नसे आणि वरच्या मजल्याला त्याचे वजन पेलणारे नव्हते. फेब्रुवारी १९५७ मध्ये केलर बंधूंनी त्याला तीन चाकांचे छोटे लोडर करून दिले. दोन चाके पुढे, आणि मागे खुर्चीच्या चाकासारखे गरगर फिरणारे एक चाक. यंत्र जवळजवळ जागच्या जागी वळे.

पुढच्याच वर्षी नॉर्थ डकोटातील ग्विनर गावच्या मेलरो कंपनीने केलर बंधूंना आपल्याकडे बोलावले. १९६० मध्ये या यंत्राला चार चाके आली आणि १९६२ मध्ये ‘बॉबकॅट’ हे नाव मिळाले. २०२३ मध्ये दोघा भावांचा समावेश अमेरिकेच्या ‘राष्ट्रीय संशोधक दालना’त झाला.

दोन लिव्हर, दोन पाचरी

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९७० हे होय. त्या वर्षी या लोडरवर ‘बॉब-टॅक’ नावाचा सांधा आला. त्याची रचना मुलांना पुठ्ठ्यावरही करून दाखवता येईल. बाहूंच्या टोकाला एक पट्टी असते. प्रत्येक अवजाराच्या पाठीला वरच्या बाजूस खाली वाकलेली कड आणि खालच्या बाजूस दोन खाचा असतात. चालक पट्टी पुढे कलवून तिची वरची कड अवजाराच्या कडेखाली घालतो. बाहू उचलून पट्टी मागे कलवली, की अवजार स्वतःच्याच वजनाने पट्टीला येऊन टेकते. मग दोन लिव्हर दाबायचे, म्हणजे दोन पाचरी खाचांत उतरतात. पाचर उतरती असल्यामुळे झीज झाली तरी सांधा ढिला पडत नाही. भोकासमोर भोक आणण्याची कसरत संपली.

पुढे इतर कारखान्यांनीही याच मापांशी जुळणारे सांधे स्वीकारले. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अशा लोडरांच्या सांध्यासाठी २४४१० क्रमांकाचे मानक काढले. दरम्यान अमेरिकेत छोटे ट्रॅक्टर वाढत होते. जपानच्या कुबोटा कंपनीने १९६९ मध्ये आपला २१ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तेथे विकायला आणला होता. अशा अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या बाहूंवर पुढे हाच सांधा बसू लागला. सर्वांवर मात्र नाही. काही कंपन्यांनी आपापल्या मापांचे सांधे ठेवले आहेत, आणि तेथे शेतकऱ्याला अवजारही त्याच मापाचे शोधावे लागते. माप सर्वांचे असेल, तर गावातला वेल्डरही अवजार बनवू शकतो.

सोयीची किंमत

सोय फुकट मिळत नाही, हे येथे तरफेच्या नियमाने समजते. पुढचा आस हा टेकू माना. समजा, ३०० किलोचा भार त्याच्या १.२ मीटर पुढे आहे. गुणाकार ३६० येतो. तो तोलायला आसाच्या २.४ मीटर मागे १५० किलो वजन हवे. आता सांध्याच्या जाडीमुळे बकेट १० सेंटिमीटर पुढे सरकली असे धरा. तेवढ्याच मागच्या वजनाने आता ३६० भागिले १.३, म्हणजे सुमारे २७७ किलोच तोलले जातील. शिवाय सांध्याचे स्वतःचे वजन वेगळे. म्हणून पुढे जड अवजार लावताना मागे वजन जोडतात आणि भार जमिनीलगत ठेवून चालतात.

दुसरा धोका अधिक साधा आहे. पाचर पुरती उतरली नाही, तर वरची कड अवजाराला धरून ठेवते आणि सांधा लागल्यासारखा वाटतो. भार उचलल्यावर मात्र अवजार निसटू शकते. म्हणून दोन्ही पाचरी खाचांतून खाली बाहेर आलेल्या डोळ्यांनी पाहायच्या, आणि बकेटची कड जमिनीवर दाबून सांधा हलतो का ते तपासायचे. जवळ उभ्या असलेल्या माणसाचे पाय या अर्ध्या मिनिटावर अवलंबून असतात.

वर्गात मोजपट्टी पेन्सिलीवर तोलून, नाणी सरकवून वरचे गणित करून पाहता येईल. त्याबरोबर मुलांना आपल्या परिसरातले ‘समान मापाचे सांधे’ शोधायला सांगावे. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, विजेचा प्लग, नळाचे आटे अशी यादी लांबत जाईल. यांतला प्रत्येक सांधा कोणाच्या तरी अडचणीतून आला आणि अनेकांनी एकच माप मान्य केल्यावर उपयोगी ठरला. दोन मजली कोठार साफ करण्याची एका टर्कीपालकाची अडचण ही त्यांपैकीच एक.