सायकलयात्रा, छावणी आणि जलकिनारा : महाराष्ट्रातील सामूहिक सायकल-प्रवासाचा ऐतिहासिक मागोवा

बीजसंज्ञा : सायकलयात्रा, श्रमसंस्कार छावणी, भारत जोडो, राष्ट्रीय सेवा योजना, येलदरी जलाशय

प्रस्तावना :
शनिवारी गटाने सायकलीवर निघावे, सागरकिनारी तंबू ठोकून रात्र काढावी आणि रविवारी परतावे, ही रीत अलीकडे महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात रुजली आहे. रेवस ते रेडी हा कोकणचा किनारमार्ग त्यासाठी विशेष पसंत केला जातो. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ येथे खाडी आडवी येते, तेव्हा सायकली फेरीबोटीत चढवून पैलतीरी नेल्या जातात. हा छंद केवळ पाश्चात्त्यांच्या अनुकरणातून आला, असा समज आहे. तो अंशतः खरा असला, तरी सामूहिक सायकल-प्रवास व छावणी यांना महाराष्ट्रात स्वतःचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा संक्षिप्त मागोवा घेऊन, समुद्र नसलेल्या मराठवाड्यात, विशेषतः परभणी जिल्ह्यातील येलदरी जलाशयाच्या काठी, तो इतिहास कोणता बोध देतो याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

साहसाची परंपरा :
१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासास निघाले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन व ब्रह्मदेश असा प्रवास करून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. सुमारे ७१,००० किलोमीटरच्या या प्रवासाचा वृत्तान्त १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व त्यास जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली. पारतंत्र्याच्या काळात भारतीय तरुणांनी शरीरबळाने जग पालथे घालावे, यास स्वाभिमानाचे मोल होते. तथापि या परंपरेचे माप प्रामुख्याने अंतर हेच होते, आणि त्या सहा जणांत एकही स्त्री नव्हती.

छावणीची परंपरा :
दुसरी धारा श्रमाची होय. बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. निरनिराळ्या भागांतील तरुण तेथे एकत्र राहत, श्रम करीत आणि विचारविनिमय करीत. याच सुमारास, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ झाला. १९७३ साली योजनेच्या शिबिरांचा विषय दुष्काळनिवारण हा होता. त्याच सुमारास महाराष्ट्र १९७२ च्या भीषण दुष्काळाची झळ सोशीत होता, हे लक्षात घेता छावणी म्हणजे सहल नव्हे, ही धारणा महाविद्यालयीन जीवनात का रुजली हे स्पष्ट होते. येथे माप अंतराचे नव्हते. ज्या गावी मुक्काम पडला, त्या गावाशी जडलेल्या नात्याचे होते.

दोन धारांचा संगम :
डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीच्या सागरतीरावरून निघालेल्या ‘भारत जोडो’ सायकलयात्रेत या दोन्ही धारा एकत्र आल्या. पंजाबातील हिंसाचार आणि १९८४ ची दिल्लीतील शीखविरोधी दंगल यांनी देश हादरलेला असताना ही यात्रा काश्मीरच्या दिशेने निघाली. १०० युवक व १६ युवती अशा ११६ जणांनी सुमारे ५,००० किलोमीटर अंतर कापले. वयाच्या ७२ व्या वर्षात असलेले बाबा आमटे मणक्याच्या विकारामुळे सायकल चालवू शकत नव्हते. ते वाहनातून यात्रेसोबत होते. १९८८ साली निघालेल्या दुसऱ्या यात्रेचा मार्ग अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातच्या किनाऱ्यावरील ओखा येथपर्यंत होता.

या यात्रेत सायकलीची निवड अर्थपूर्ण ठरते. मोटारीतील प्रवासी गाव ओलांडून जातो. सायकलस्वारास पाण्यासाठी, पंक्चरसाठी, सावलीसाठी गावात थांबावेच लागते. वाहनाची ही मर्यादाच संवादास कारणीभूत होते. युवतींचे प्रमाण मात्र १४ टक्क्यांच्या आतच राहिले, याचीही नोंद इतिहासाने घ्यावयास हवी.

येलदरीचा काठ :
मराठवाड्यास समुद्रकिनारा नाही. या प्रदेशातील विस्तीर्ण किनारे आहेत ते जलाशयांचे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून गोदावरीस मिळणाऱ्या पूर्णा नदीवर, जिंतूर तालुक्यातील येलदरी येथे १९६८ साली धरण पूर्ण झाले. पूर्णा प्रकल्पातील दुसरे धरण खालच्या बाजूस सिद्धेश्वर येथे असून १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन झाल्यापासून ते हिंगोली जिल्ह्यात मोडते. येलदरी येथे २२.५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र उभे राहिले. परभणी शहराची पाणीपुरवठा योजनाही याच जलाशयावर अवलंबून आहे.

परभणीहून जिंतूरमार्गे येलदरी हे अंतर सायकलीने एका दिवसात पार करता येते. वाटेत जिंतूरनजीक नेमगिरीची जैन लेणी आहेत. शनिवार-रविवारच्या शिबिरासाठी हा मार्ग सोयीचा आहे. परंतु हा काठ निसर्गाने घडविलेला नाही, तो धरणाने निर्माण केला आहे. पाण्याखाली कुणाची तरी शेते आहेत आणि पाण्यावर कुणाचे तरी पीक उभे आहे. अवर्षणाच्या वर्षांत हा काठ दूरवर मागे सरतो व एरवी बुडालेली जमीन उघडी पडते. अशा ठिकाणी केवळ सूर्यास्त पाहून परतणारे शिबिर इतिहासाकडे पाठ फिरवून परतते. काठावरील वृद्धांकडून धरणापूर्वीच्या गावाची माहिती टिपून घेणे, कालव्यावरील शेतकऱ्याचे पाण्याचे गणित समजून घेणे, हे इतिहास, भूगोल व अर्थशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र करता येण्याजोगे कार्य आहे.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. मुलीच्या हाती सायकल आली, ती घर ते शाळा एवढ्या वाटेपुरती. तिने त्याच सायकलीवरून मैत्रिणींसह जलाशयाच्या काठी मुक्कामास जावे, याची व्यवस्था करणे महाविद्यालयांच्या हाती आहे. प्राध्यापिकांची सोबत, सुरक्षित निवास आणि पालकांचा विश्वास यांची तरतूद आधी केल्याखेरीज ते घडणार नाही.

निष्कर्ष :
१९२३ चा प्रवास अंतरामुळे स्मरणात राहिला. १९८५ ची यात्रा तिच्या मुक्कामांमुळे अर्थपूर्ण ठरली. किनारा कोकणचा असो वा येलदरीचा, सामूहिक सायकलयात्रेचे मोल किती किलोमीटर कापले यावर नव्हे, तर रात्र जेथे काढली त्या गावास शिबिरार्थींनी किती जाणून घेतले आणि त्या रात्रीच्या मुक्कामात कोणाकोणास स्थान मिळाले, यावर ठरते.