जुन्नर-आंबेगावातील प्रस्तरारोहण

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, सह्याद्रीच्या मुख्य धारेलगतच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कडे, सुळके आणि गडांच्या मोडलेल्या वाटा यांवर चालणारा कातळ चढण्याचा साहसी खेळ. नाणेघाटाजवळ, जीवधन गडाला खेटून उभा असलेला वानरलिंगी ऊर्फ खडा पारशी हा सुळका ही या भागातील सर्वांत परिचित चढाई. बंद पडलेल्या दगडखाणींत हा खेळ रुजल्याची उदाहरणे जगात अनेक आहेत. वेल्समधील डिनॉर्विक येथील पाटीच्या दगडाची खाण १९६९ मध्ये बंद झाली आणि १९८० च्या दशकात तिच्या भिंतींवर आरोहकांची गर्दी होऊ लागली. जुन्नरच्या डोंगरांतही माणसाने दगड फोडला आहे. पण तो दोन हजार वर्षांपासून, आणि बहुतेक ठिकाणी दगड बाहेर नेण्यासाठी नव्हे, तर तिथेच वाट, पाण्याचे टाके, लेणे किंवा दरवाजा घडवण्यासाठी. म्हणून खाणीतला मोकळेपणा इथे चालत नाही. छिन्नी लागलेल्या कातळाला आरोहकाने हातोडा लावू नये आणि नैसर्गिक कातळावरही लोखंड कमीत कमी ठोकावे, हा नियम या प्रदेशाच्या दगडातून आणि इतिहासातून निघतो.

दगडापासून सुरुवात करू. हा सगळा मुलूख सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झालेल्या दख्खनच्या पठाराचा आहे. थर सारखे नाहीत. काळा, घट्ट बेसॉल्ट उभ्या भेगांवर फुटतो आणि सरळसोट कडे देतो. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला बेसॉल्ट लवकर झिजतो. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी लालसर, ठिसूळ मातीसारखा पट्टा असतो. त्यामुळे इथली चढाई एकसंध भिंतीची नसते. घट्ट थरातली उभी भेग, मग गवत वाढलेली अरुंद पट्टी, तिथे पायाखाली सरकणारा घसारा आणि पुन्हा भिंत, असा क्रम येतो. वानरलिंगीवर सुळका आणि गड यांच्यामधल्या खिंडीत उभे राहिले की हे थर समोरच्या कड्यावर आडव्या रेघांसारखे मोजता येतात. चढाईचा प्रत्येक टप्पा कुठे संपवायचा, दोर कुठे अडकवायचा, हे या रेघाच ठरवतात. घट्ट थरातला बोल्ट माणसाचा भार पेलतो. हाताने वाजवल्यावर पोकळ बोलणाऱ्या दगडातला बोल्ट फक्त मनाला दिलासा देतो.

आता माणसाच्या हाताचा इतिहास. नाणेघाट ही सातवाहनकाळात कोकणातून जुन्नरकडे येणारी व्यापारी वाट. तिथल्या गुहेतला राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही आहे; जकातीचा रांजण म्हणूनच तो ओळखला जातो. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. हडसरला दरवाजा आणि पायऱ्यांची वाट अखंड कातळातून काढलेली आहे. शिवनेरीला साखळीची वाट आहे. चावंड आणि जीवधन यांच्या पायऱ्या १८१८ साली गड घेतल्यावर इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या. म्हणूनच आज तिथे काही हात पूर्ण कातळ चढावा लागतो आणि कातळात कोरलेल्या खोबण्यांत बोटे रुतवून वर जावे लागते. चावंडच्या या तुटक्या टप्प्यावर एक लहान तोफ खडकात रोवलेली दिसते. चढणारे तिचा आधार घेतात. या खोबण्या, पायऱ्यांची तुटलेली टोके आणि सुरुंगाच्या खुणा हीच या गडांची कागदपत्रे होत. एखादी खोबण सोयीसाठी मोठी केली, तर तेवढा पुरावा पुसला जातो आणि तो परत लिहिता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की स्थानिक लोकांनी स्वतःच कातळात लोखंड ठोकले आहे. हडसरला खुंटीची वाट प्रसिद्ध आहे, अनेक गडांवर आता रेलिंग आहेत. मग आरोहकाच्या बोल्टवरच बोट का ठेवायचे? आक्षेप बिनबुडाचा नाही. परंतु खुंटीची वाट ही रोजच्या ये-जा करणाऱ्यांची गरज होती, ती एका ठिकाणी आहे आणि तिने जुनी घडीव वाट मोडलेली नाही. खेळासाठी ठोकलेल्या बोल्टचे तसे नसते. एका कड्यावर एक वाट झाली की शेजारी दुसरी काढण्याचा मोह होतो आणि प्रत्येक वाटेला नवी भोके पडतात. त्यातही शिवनेरी हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अशा ठिकाणी हा प्रश्न आवडीनिवडीचा उरत नाही, कायद्याचा होतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. लोखंड कमी म्हणजे धोका जास्त, असे सहज वाटते. जर्मनीतील एल्ब नदीकाठच्या वालुकाश्म सुळक्यांवर याचे उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळ दिले जात आहे. तिथे धातूच्या पाचरी वर्ज्य आहेत. मोजक्या कायम कड्या आणि भेगांत अडकवलेल्या गाठीच्या दोऱ्या यांवरच चढाई होते. सह्याद्रीत तर पाऊस या मुद्द्याला आणखी बळ देतो. जून ते सप्टेंबर कडे पाण्याने निथळतात, लोखंड गंजते आणि वरून धडधाकट दिसणारा जुना बोल्ट आतून निकामी झालेला असू शकतो. म्हणजे बोल्टची संख्या वाढवल्याने सुरक्षितता आपोआप वाढत नाही. टप्प्याच्या शेवटी घट्ट थरात, गंज न चढणाऱ्या पोलादाचे दोन बोल्ट, त्यांची ठरावीक मुदतीत तपासणी आणि मधल्या भेगांत काढून नेता येणारी साधने ही व्यवस्था वीस गंजक्या खुंट्यांपेक्षा भरवशाची आहे. शिवाय इथले काही धोके बोल्टने टळतच नाहीत: कड्यावरची आग्या मोहोळे, वरून सुटणारे दगड, पावसाने सैल झालेली माती. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. ती घटना कड्याची नव्हे, मातीच्या उताराची होती. तरी मुसळधार पावसात या डोंगरांचा भरवसा किती धरावा, ते तिने दाखवून दिले. चढाईचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी मानतात तो यामुळेच.

आंबेगावच्या बाजूला प्रश्नाचे स्वरूप थोडे बदलते. इथे गडांपेक्षा जंगल मोठे. आहुपे घाटाच्या माथ्यावरून कडे थेट कोकणात उतरतात आणि खाली मुरबाडच्या बाजूला गोरखगड व मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. तालुक्याचा बराच पश्चिम भाग शेकरूसाठी १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याची परवानगी हा चढाईचा पहिला टप्पा ठरतो. सह्याद्रीतले कडे गिधाडांची घरटी करण्याच्याही जागा आहेत आणि त्यांचा विणीचा काळ नेमका थंडीतला, म्हणजे आरोहकांच्या हंगामातलाच. घरटे दिसलेली भिंत त्या वर्षापुरती सोडणे, हा इथल्या शिस्तीचा भाग असायला हवा.

तिसरा आक्षेप या नोंदीच्या मुळाशी जातो: गड आणि जंगल सोडून सरावासाठी जवळच्या बंद खडीखाणी का वापरू नयेत? कल्पना आकर्षक आहे, पण खडीची खाण सुरुंगाने फोडलेली असते. बेसॉल्टच्या मूळच्या भेगा स्फोटाने आणखी उघडतात आणि भिंतीतले ठोकळे सुटे होतात. डिनॉर्विकचा पाटीचा दगड आणि आपला सुरुंगाने हादरलेला बेसॉल्ट यांची बरोबरी होत नाही. एखादी खाण तज्ज्ञांनी तपासून, सैल दगड पाडून आणि मालकाच्या संमतीने तयार केली, तर नवशिक्यांना दोर वापरणे शिकवण्यापुरती ती उपयोगी पडेल. तोवर सरावासाठी शहरातल्या कृत्रिम भिंती आणि चढाईसाठी वानरलिंगीसारखे नैसर्गिक सुळके हीच विभागणी योग्य. कोरलेल्या पायऱ्या आणि लेणी मात्र हात न लावता पाहण्यासाठीच राखाव्यात.