घर गहाण, घर बक्षीस

खर्ड्याची लढाई (११ मार्च १७९५) म्हटली की नाना फडणवीस, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे ही नावे आठवतात आणि किल्ल्याच्या आश्रयाला गेलेला निजाम आठवतो. जामखेड तालुक्यातील या गावाची पाठ्यपुस्तकी ओळख इथेच संपते. मला मात्र त्या काळच्या मराठी राज्यव्यवहारातला एक शब्द अधिक मोलाचा वाटतो : बालपरवेशी. लढाईत कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी सरकारातून जी नेमणूक करून दिली जाई, तिचे हे नाव. पराक्रम एकाच्या देहाचा असला तरी त्या देहावर एक घर उभे असते, हे त्यामागचे गृहीत. ते कोणाला पटवून द्यावे लागत नव्हते.

आपल्या आखाड्यानेही हेच गृहीत धरले. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात मल्लांच्या खुराकाची सोय झाली, खासबागेचे मैदान उभे राहिले. गावोगावच्या जत्रांत नारळापासून रोख इनामापर्यंत कुस्त्या लागत आल्या आहेत. इनाम घेतल्याने पैलवान बाटतो, असे कोणाच्या मनातही आले नाही. ते घरी जायचे, कारण दूध-तूप घरातूनच आलेले असायचे.

याच्या अगदी उलट कल्पना इंग्लंडातून आली. खेळावर पोट भरणारा तो खरा खेळाडू नव्हे, ही ती कल्पना. हेन्लीच्या नौकाशर्यतींच्या १८७९ च्या नियमांनी तर कारागीर आणि मजूर यांनाच ‘हौशी’ या व्याख्येबाहेर ठेवले. म्हणजे नीतीच्या वेषात वर्गभेदच आत आला होता. जिम थॉर्प या अमेरिकन आदिवासी धावपटूने पूर्वी थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळल्याचे उघड झाले आणि १९१३ साली त्याची ऑलिंपिक सुवर्णपदके काढून घेण्यात आली. त्यांच्या प्रतिकृती १९८३ साली त्याच्या मुलांच्या हाती पडल्या. थॉर्प १९५३ सालीच वारला होता.

आता आपल्याकडे पाहू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांचा आधार होता. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. वर्गणी निघाली, ती पुरली नाही. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. (आडनाव पाहून वाचकाला खर्ड्याची आठवण व्हावी, हा योगायोग सुखद आहे.) खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले.

हौशीपणाची तत्कालीन व्याख्या अक्षरशः लावली असती, तर या कर्जफेडीनेच खाशाबा ‘धंदेवाईक’ ठरले असते. ऋण फेडणे हा नियमाचा भंग ठरावा, यातच त्या नियमाचे दारिद्र्य दिसते.

याच्याशी ताडून पाहण्याजोगे प्रकरण अमेरिकेत घडले. रेजी बुश या महाविद्यालयीन फुटबॉलपटूला २००५ सालचा हाइझमन करंडक मिळाला. पुढे त्याच्या आईवडिलांना दलालीची आस असलेल्या मंडळींकडून राहायला घर मिळाल्याचे निघाले. महाविद्यालयाला शिक्षा झाली, विजय पुसले गेले आणि २०१० साली बुशने करंडक परत केला. इथे प्राचार्यांचे घर गहाण पडले म्हणून पदक आले. तिथे आईबापांना घर मिळाले म्हणून करंडक गेला.

अर्थात नियमाच्या बाजूनेही बोलायला हवे. खर्डेकरांनी बदल्यात काही मागितले नाही. त्या दलालांना मुलाची भावी कमाई हवी होती. आईबापांना मिंधे करून मुलाला बांधून घेणे सोपे असते, आणि गरीब घरात तर फारच सोपे. तेव्हा दात्याचा हेतू तपासणारा नियम हवा, हे मान्य. पण अमेरिकेतला नियम हेतू तपासतच नव्हता. प्रेक्षागारे भरत होती, प्रक्षेपणाचे हक्क विकले जात होते, प्रशिक्षक लक्षावधी डॉलर कमावत होते. बंधन होते ते फक्त खेळाडूवर आणि त्याच्या घरावर. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेविरुद्ध एकमुखी निकाल दिला, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या तडजोडीनंतर महाविद्यालये स्वतःच त्यांना पैसे देऊ लागली. बुशचा करंडक २०२४ साली त्याला परत मिळाला.

खाशाबा १९५५ साली पोलिसात उपनिरीक्षक झाले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर जाहीर झाला तो २००० सालचा, म्हणजे तोही घरच्यांच्याच हाती आला. वेंगुर्ल्याचे महाविद्यालय आज बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचे नाव चालवते.