लेकरांचें निजेचें वस्त्र

शाहूवाडीचा मुलूख सह्याद्रीच्या कुशींत वसलेला. आंबा घाट आणि विशाळगड यांच्या परिसरांत पावसाची झड लागली म्हणजे घरांतील उबेचें ठिकाण एकच, तें म्हणजे चूल. अंगांत झबलें, डोक्यावर कुंची आणि समोर निखारा, अशा थाटांत येथील कित्येक पिढ्यांचें बालपण गेलें. या चित्रांतील माया सर्वांच्या ओळखीची आहे; त्यांतील धोका मात्र जगाला उशिरां उमगला, आणि उमगल्यावरहि दोष प्रथम एकट्या आईबापांच्याच माथीं बसला.

१९०६ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत कापडगिरणी उभारली. त्याच काळांत इंग्लंडांत एका स्वस्त सुती कापडाची चर्चा चालू होती. फलालिनीसारखें दिसणारें हें कापड गरिबांच्या घरोघरीं शिरलें होतें. त्यावर खरवडून काढलेली लव असते. लवेंत हवा कोंडून राहते, म्हणून कापड उबदार लागतें. परंतु तीच हवा ज्वालेलाहि साहाय्य करते, आणि ठिणगी पडतांच आग लवेवरून सर्वांगभर धांवते. खरी लोकर इतकी सहज पेटत नाहीं. पण ती महाग.

१९०८ च्या ब्रिटिश कायद्यानें असें ठरविलें कीं, आडोसा नसलेल्या विस्तवाच्या खोलींत सात वर्षांखालील मूल राहूं दिलें व त्यांत तें दगावलें किंवा गंभीर भाजलें, तर पालकाला दहा पौंडांपर्यंत दंड व्हावा. कापड विकणारा मोकळाच राहिला. विल्यम पर्किन (धाकटे) या रसायनशास्त्रज्ञानें कथिलाच्या क्षारांनीं, धुतल्यावरहि टिकेल असा अग्निरोधक संस्कार सिद्ध केला. आणि १९१३ सालीं, कसोटीला न उतरणारें कापड ‘न पेटणारें’ म्हणून विकण्यास मनाई झाली. मुलांच्या निजेच्या झग्यांवर थेट निर्बंध घालण्यास मात्र ब्रिटनमध्यें १९६४ साल उजाडावें लागलें.

अमेरिकेंत ज्वलनशील कापडांचा कायदा १९५३ सालीं झाला. १९७१ सालीं लहान मुलांच्या निजेच्या कपड्यांस कसोटी लागली : उभ्या टांगलेल्या तुकड्याच्या खालच्या कडेला तीन सेकंद ज्योत लावावयाची, आणि पांच तुकड्यांतील जळक्या भागाची सरासरी लांबी सात इंचांहून अधिक भरतां कामा नये. ही कसोटी उतरावी म्हणून कारखानदारांनीं ‘ट्रिस’ नांवाचें रसायन वापरलें. १९७७ च्या जानेवारींत आर्लीन ब्लम व ब्रूस एम्स यांनीं त्यापासून कर्करोगाचा संभव दाखविला. एप्रिलांत सरकारनें अशा कपड्यांच्या विक्रीस बंदी केली. पण घरीं नको झालेला माल परदेशीं जाऊं लागला, आणि १९७८ सालीं निर्यातहि थांबवावी लागली. एका देशानें टाकलेलें वस्त्र दुसऱ्या देशाच्या लेकराच्या अंगावर चढणार होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

१९९६ सालीं अमेरिकेनें घट्ट बसणाऱ्या कपड्यांना या कसोटींतून सूट दिली. कारण त्यांत हवा कमी खेळते, आणि घोळदार वस्त्राप्रमाणें त्यांचा पदर ज्योतीवर जात नाहीं. चुलीजवळ बसलेल्या लेकराचा कपडा अंगाबरोबर असावा, हें शहाणपण शाहूवाडीच्या कोणत्याहि आजीला पटेल. परंतु कापड विकत घेणाऱ्या आईला त्याची लव किती त्वरेनें पेटते, हें हातानें चांचपून कळत नाहीं. तें तपासण्याचें काम करणाऱ्याचें व विकणाऱ्याचें आहे. एवढें समजण्यास जगाला अर्धें शतक लागलें.