दोन शाळा, एकवीस बसगाड्या

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. तिच्या पूर्वेला न्यू केंट काउंटी आणि त्या काउंटीचं मुख्य ठाणं म्हणजे न्यू केंट हे छोटंसं गाव. कोर्टकचेरी इथेच, पण गावाला स्वतःची नगरपालिका नाही. शाळांसह सगळा कारभार काउंटीच पाहते. अमेरिकेतल्या शाळांचा नकाशा बदलून टाकणारा एक खटला या आडगावातून उभा राहिला.

त्याचं मूळ 1902 मध्ये सापडतं. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एका शाळेत शिकवायचं नाही, असं त्या वर्षीच्या व्हर्जिनियाच्या संविधानातच लिहिलं होतं. त्यानुसार न्यू केंटमध्ये दोन शाळा झाल्या. पूर्वेकडची न्यू केंट स्कूल गोऱ्यांची, तर पश्चिमेकडची जॉर्ज डब्ल्यू. वॉटकिन्स स्कूल कृष्णवर्णीयांची. दोन्हीकडे पहिलीपासून हायस्कूलपर्यंतचे वर्ग.

खरी गोष्ट इथे दडलेली आहे. या काउंटीत गोऱ्यांची वस्ती वेगळी आणि कृष्णवर्णीयांची वेगळी, असं नव्हतंच. सगळे शेजारीपाजारी राहत. साठच्या दशकात विद्यार्थी होते सुमारे 1,300 आणि बसगाड्या 21. त्यातल्या 11 वॉटकिन्सच्या, 10 न्यू केंटच्या. त्याच रस्त्यांवरून दोन्ही शाळांच्या गाड्या धावत, शेजारच्या दोन घरांतली मुलं उचलत आणि त्यांना काउंटीच्या दोन टोकांना नेऊन सोडत. भेदभाव टिकवायला रोज डिझेल-पेट्रोल जाळावं लागतं, याचा याहून ढळढळीत पुरावा मला माहीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या ब्राऊन खटल्यात अशा शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तरी न्यू केंटमध्ये दहा वर्षं पानही हललं नाही. मार्च 1965 मध्ये कॅल्विन ग्रीन या कृष्णवर्णीय शिक्षकाच्या पुढाकाराने शाळा मंडळाविरुद्ध दावा दाखल झाला. खटल्याला नाव मिळालं ते त्यांच्या लहान मुलाचं, चार्ल्सचं. ऑगस्टमध्ये शाळा मंडळाने ‘निवडीचं स्वातंत्र्य’ जाहीर केलं, कारण संघराज्याचं अनुदान बंद पडण्याची भीती होती. पहिलीत आणि आठवीत जाणाऱ्या प्रत्येकाने शाळा निवडायची. बाकीच्यांपैकी ज्याने काही कळवलं नाही, तो होता तिथेच राहणार.

कागदावर सगळं रास्त दिसतं. पण तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने वॉटकिन्स निवडली नाही. 1967 मध्ये न्यू केंट स्कूलमध्ये 115 कृष्णवर्णीय मुलं होती. उरलेली 85 टक्के वॉटकिन्समध्येच. सरकारने उभारलेली भिंत पाडण्याचं काम लहान मुलांवर आणि त्यांच्या आईबापांवर टाकलं होतं. मला हा अन्याय मूळ भेदभावाइतकाच गंभीर वाटतो.

खालच्या दोन्ही न्यायालयांनी ही योजना मान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली सॅम्युअल टकर यांनी. कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात 1939 मध्ये तरुणांना ठिय्या द्यायला पाठवणारे हेच ते वकील. 27 मे 1968 रोजी न्यायमूर्ती ब्रेनन यांनी एकमताचा निकाल लिहिला: भेदभाव मुळासकट उपटण्याची जबाबदारी शाळा मंडळाची आहे आणि योजना आत्ता, प्रत्यक्षात चालली पाहिजे. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, वाहतूक, इमारती आणि शाळेतले इतर उपक्रम या सहा गोष्टी पुढे देशभरच्या न्यायालयांनी कसोटी म्हणून वापरल्या.

न्यू केंटमधला उपाय अगदी साधा निघाला. न्यू केंट स्कूल सगळ्यांचं हायस्कूल झाली आणि वॉटकिन्स सगळ्यांची प्राथमिक शाळा. कृष्णवर्णीय समाजाचं स्वतःचं हायस्कूल मात्र त्यात गेलं. ही किंमत त्यांनीच मोजली, आणि तिची नोंद निकालाच्या गौरवात क्वचितच होते. 2001 मध्ये दोन्ही शाळांना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंचा दर्जा मिळाला.